‘कोरोनाने नाही, भीतीने मेले’ या मेसेजला एका औषधविक्रेत्याचं उत्तर

कुठे कोरोनाचे चार रुग्ण सापडल्याची बातमी आली की नागपुरातल्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. वस्तीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या. त्याचा मजकूर थोडक्यात असा: कोरोनाने माणसं मेली नाहीत, भीतीने मेली. ज्यांचं मन खंबीर होतं त्यांना काही झालं नाही. डिप्रेशन म्हणजे भरल्या पोटाचं आणि रिकाम्या डोक्याचं दुखणं. आपल्या आजोबा-पणजोबांनी प्लेग पाहिला, मानमोडी (१९१८ची फ्लूची साथ) पाहिली, कोणी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं नाही. मनाच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. कोणाच्या मनात जीव द्यायचे विचार असतील तर तो विषयच काढू नका. सकारात्मक राहा, सगळं ठीक होईल.

माझं सक्करदऱ्याकडे औषधाचं दुकान आहे. दोन्ही लाटांत ते उघडं होतं. हा मेसेज पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची, शिकलेली, भली माणसं आहेत आणि त्यांना धीरच द्यायचा आहे, हे मला माहीत आहे. तरी यातलं बहुतेक सगळं चुकीचं आहे, आणि एक-दोन गोष्टी तर जिवावर बेतणाऱ्या आहेत.

‘भीतीने मेली’ हे आधी घेऊ. एप्रिल २०२१ आठवा. जिल्ह्यात एकेका दिवशी ७,०००हून जास्त नवे रुग्ण निघत होते. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालयं भरलेली, खासगीत बेड नाही. रेमडेसिविरच्या चिठ्ठ्या घेऊन लोक या दुकानातून त्या दुकानात फिरत होते आणि आम्ही हात हलवत होतो. विषाणूने फुप्फुसं निकामी केली म्हणून ऑक्सिजन सत्तरवर येतो. घाबरल्याने येत नाही. अति भीतीने होतं ते वेगळं: छातीत धडधड, श्वास पुरत नाहीसं वाटणं, हातापायाला मुंग्या, आणि ऑक्सिमीटर ९८ दाखवत असतानाही ‘आता मी चाललो’ अशी खात्री. याला पॅनिक अटॅक म्हणतात. ते खोटं नाटक नसतं, त्यावर उपचार आहेत. पण न्यूमोनिया वेगळा आणि हे वेगळं.

या वाक्याचा राग मला दुसऱ्याच कारणाने येतो. ज्या घरातून माणूस गेला त्या घरातही हा मेसेज पोचतो. ‘मीच बाजारातून घरी आणलं का’, ‘दोन दिवस आधी नेलं असतं तर’ हे प्रश्न घेऊन जगणारी लेकरं या शहरात गल्लोगल्ली आहेत. त्यांना आपण सांगतोय की तुमचे बाबा भित्रे होते, म्हणून गेले.

‘खंबीर मनाला काही झालं नाही’ हेही तसंच. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१च्या एप्रिलमध्ये कोरोना होऊन गेलेल्या २,३६,३७९ लोकांच्या नोंदी तपासून अभ्यास प्रसिद्ध केला. नोंदी बहुतांश अमेरिकेतल्या होत्या. सहा महिन्यांच्या आत साधारण ३४ टक्के लोकांत मेंदूचा किंवा मनाचा काही ना काही आजार नोंदला गेला होता. त्यातल्या काहींना तो आधीही होता, पण १३ टक्के लोकांना आयुष्यात पहिल्यांदाच झाला होता. आयसीयूत बरेच दिवस काढलेला माणूस घरी आल्यावर रात्री दचकून उठतो, त्याला तिथलं काहीबाही दिसत राहतं. जास्त मात्रेतल्या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते. बरे झालेले कित्येक जण महिनोन्महिने ‘डोकं चालून नाही राहिलं भाऊ, नाव आठवत नाही’ अशी तक्रार करायचे. यात मनाच्या खंबीरपणाचा संबंध कुठे आला? बैलासारखे काम करणारे लोक होते ते.

आता ‘भरल्या पोटाचं दुखणं’. हे वाचून माझ्या डोळ्यांसमोर लग्नसराईवर जगणारी माणसं येतात. बँडवाले, मंडप-डेकोरेशनवाले, आचारी, वाढपी, घोडीवाले. त्यांच्या वर्षाची कमाई उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत होते. २०२०चा हंगाम गेला, २०२१चाही गेला. स्कूलव्हॅनवाल्यांच्या गाड्या शाळा बंद म्हणून दारात उभ्या आणि हप्ता चालू. इतवारीतले हमाल, गोळीबार चौकाकडचे विणकर, ऑटोवाले. यातला कोण रिकाम्या डोक्याचा होता?

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीत २०१९ मध्ये देशात १,३९,१२३ आत्महत्या आहेत, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. २०२१ मध्ये यातले ४२,००४ जण रोजंदारीवर काम करणारे होते, म्हणजे चौघांत एक. राज्यांत सगळ्यांत वर महाराष्ट्र होता. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो असं मी म्हणत नाही. कर्ज असतं, घरचं भांडण असतं, दारू असते. पण मनाचा त्रास श्रीमंतांचा चोचला आहे असं म्हणणाऱ्याने या चौघांतल्या एकाकडे बघून बोलावं. साथीच्या आधी, २०१५-१६ मध्ये, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. त्यातही कमी उत्पन्नाच्या घरांत हे आजार जास्त दिसले, आणि डिप्रेशन असलेल्या दर शंभरातले पंच्याऐंशी उपचारापर्यंत पोचलेच नव्हते. साथ आली ती यावर. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि डिप्रेशनचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं.

आजोबा-पणजोबांचा मुद्दा मात्र मी घाईत सोडणार नाही, कारण तो ऐकायला सगळ्यांत पटणारा आहे. १९१८च्या मानमोडीने हिंदुस्थानात सव्वा कोटीहून जास्त माणसं नेली असावीत असे अंदाज आहेत, आणि आपला मध्य प्रांत सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या भागांपैकी होता. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. त्या लोकांनी ते सोसलं, हे खरं. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले नाहीत, हेही खरं. जाणार कुठे? नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, पण तिथे कोंडून ठेवायचे, आणि लोक त्याला पागलखानाच म्हणायचे. म्हणून मोजणी कुठेच झाली नाही. ‘तेव्हापासून आजी बोलतच नव्हती’, ‘काका एक दिवस निघून गेले, परत आले नाहीत’ असं जुन्या घरांत सांगतात, ते त्याच हिशेबातलं आहे. फक्त त्याला आजार म्हणायची पद्धत नव्हती.

शिवाय त्यांच्याजवळ एक गोष्ट होती, जी २०२० मध्ये आपल्याकडून काढून घेतली गेली. दुःख चारचौघांत मांडायची सोय. माणूस गेला की वाड्यातल्या बाया येऊन बसायच्या, दहा दिवस चूल शेजारचे पेटवायचे, तेरवीला गाव जेवायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. ‘इडा पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत’ असं हजारो लोक एका आवाजात ओरडतात. त्याने रोग जात नाही, पण भीती एकट्याच्या छातीतून बाहेर पडून सगळ्यांची होते. साथीत नेमकी हीच गर्दी बंद झाली, आणि ती बंद करणं भागच होतं. दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मोठा मेळाही दोन वर्षं झाला नाही. मोक्षधाम, मानेवाडा, अंबाझरी घाटावर महापालिकेचे कर्मचारी अंत्यसंस्कार करत होते आणि लेक दूर उभा राहून बघत होता. चेहरा बघायला मिळाला नाही. खांद्यावर घ्यायला मिळालं नाही. कित्येकांची तेरवी व्हिडिओ कॉलवर झाली. ज्यांच्या घरात एकाच आठवड्यात दोघं गेले, तिथे उरलेली व्यक्ती स्वतःच क्वारंटाइन होती, आणि सांत्वनाला दारात कोणी उभं राहू शकत नव्हतं. पणजोबांशी तुलना करायचीच असेल तर हे धरून करा. आपण त्यांच्यापेक्षा कच्चे नव्हतो. आपण एकटे होतो.

आता गोळ्या. हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘गोळ्या सुटत नाहीत’ असं म्हणणारे दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या एकच समजतात. एक प्रकार डिप्रेशनवरच्या औषधांचा, एसिटालोप्राम, सर्ट्रालीन वगैरे. यांची नशा होत नाही, आणखी खावीशी वाटत नाही, डोस वाढवत न्यावा लागेल अशी ओढ लागत नाही. उलट यांची अडचण अशी की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होऊ शकते. लोक तिथेच सोडतात. ‘काही फायदा नाही होऊन राहिला’ म्हणून पाकीट परत घेऊन येतात. काही जण दोन महिन्यांनी बरं वाटलं की एका दिवसात बंद करतात. मग चक्कर येते, चिडचिड होते, झोप मोडते, आणि घरचे म्हणतात, बघा, सवय लागली. ते एकदम थांबवल्याचे परिणाम असतात. डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात तेव्हा बहुतेकांना एवढा त्रास होत नाही. पहिल्यांदा डिप्रेशन आलं असेल तर बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवायला सांगतात, म्हणजे ते उलटू नये. सगळ्यांना आयुष्यभर घ्यावं लागत नाही. आणि सौम्य त्रास असेल तर कित्येकांना गोळी लागतही नाही, समुपदेशनाने फरक पडतो.

दुसरा प्रकार झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचा: अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम. यांची सवय खरोखर लागते, काही आठवड्यांतच लागू शकते. म्हणून डॉक्टर त्या थोडे दिवस देतात. अल्प्राझोलमसारखी औषधं २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि विकली त्याची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची, असा नियम आहे. आता सांगतो मला काय दिसलं. जे लोक मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्यांना घाबरतात, तेच काउंटरवर येऊन हळूच म्हणतात, ‘झोप नाही येऊन राहिली भाऊ, ती शेजारच्या काकूंची छोटी गोळी दे ना एक पत्ता.’ ज्या गोळीची भीती बाळगायला हवी ती मागतात, आणि जिची नको ती नाकारतात. या मेसेजने केलेलं सगळ्यांत मोठं नुकसान मला इथे दिसतं. कोणी गोळीऐवजी दारू घेतो. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यांत दारूची दुकानं अचानक बंद झाली तेव्हा हात थरथरणारे, घामाने भिजलेले, भास होणारे लोक आमच्याकडे आले होते. त्यांना दवाखान्यात पाठवावं लागतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटणं जीवघेणं ठरू शकतं.

‘जीव द्यायचा विषय काढू नका’ या वाक्यावर फार बोलायची गरज नाही, ते सरळ धोक्याचं आहे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनाने अनेकदा दाखवलंय. न विचारल्याने माणूस एकटाच त्या विचारासोबत राहतो. साध्या शब्दांत विचारा: ‘दादा, जगू नये असं वाटतं का तुला?’ हो म्हणाला तर वाद घालू नका, पोराबाळांची शपथ घालू नका. ऐका, एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि फवारणीची विषं त्याच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोलिसांची भीती असते, तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा नाही, उपचार द्यायची जबाबदारी सरकारची आहे.

राहिलं ‘सकारात्मक राहा’. यात थोडं तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. साथीत घाबरलेल्या, खचलेल्या बहुतेक माणसांना आजार झाला नाही. ती दिवस गेले तशी सावरली, आणि वेळेवर झोपणं, थोडं चालणं, रात्रीच्या बातम्या बंद करणं, भजन, वंदना, नमाज, रोज एका माणसाशी मनातलं बोलणं याने त्यांना मदत झाली. पण ज्याला दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नाही, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते, कामावर जायचं त्राण नाही, त्याला ‘सकारात्मक राहा’ म्हटलं की तो आणखी एका गोष्टीत नापास होतो. आता आजारपणासोबत त्याला स्वतःची लाजही वाटते. मग तो सांगणं बंद करतो.

असा माणूस घरात असेल तर मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय, कुठल्याही ओपीडीत न्या. मनोरुग्णालयात गेलं म्हणजे भरती करून ठेवतात असं नाही. बहुतेक लोक तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येतात. सोबत एक जण जा, कारण ज्याला त्रास आहे त्याला डॉक्टरांसमोर सगळं सांगायचं सुचत नाही. आधीच्या चिठ्ठ्या आणि चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या न्या, पिणं असेल तर लपवू नका. बाहेर जायची तयारी नसेल तर १४४१६ लावा. ही ‘टेली-मानस’ सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ला सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तो जुना मेसेज ज्या ग्रुपवर टाकला असेल, त्याच ग्रुपवर हा नंबर टाका.