हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदू नाही

अमेरिकन फुटबॉलच्या हेल्मेटवर एक इशारा छापलेला असतो. बारीक अक्षरात, पण असतो. मथितार्थ असा: या खेळात मेंदूला इजा होऊ शकते, ती कुठलंही हेल्मेट थांबवू शकत नाही, आणि हे हेल्मेट घालून समोरच्याला डोक्याने धडक मारू नका. हे बनवणारी कंपनीच सांगते. तरीही दर ऑगस्टला, शाळांचे सराव सुरू झाले की इथे न्यू जर्सीत आपल्या मराठी ग्रुप्सवर चर्चा एकाच गोष्टीची: हेल्मेट कुठलं घ्यायचं, कुठल्या मॉडेलला पाच स्टार आहेत, आणखी शंभर डॉलर घालावेत का. त्यामागची काळजी मला कळते. पण त्या काळजीला आपण चुकीच्या दिशेला नेतोय असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी हेल्मेटचं श्रेय हेल्मेटला. व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, १९४३ मध्ये ते सक्तीचं केलं. तेव्हाची हेल्मेटं बहुतेक चामड्याची होती, पुढे कडक प्लास्टिक आलं. तरी १९६८ या एका वर्षात फुटबॉल खेळताना थेट मार लागून ३६ जण गेले, आणि त्यातली बहुतेक शाळकरी पोरं होती. त्यानंतर हेल्मेटसाठी सुरक्षेचा मापदंड आला, १९७६ मध्ये डोकं पुढे करून धडक मारण्यावर बंदी आली, आणि १९९० मध्ये असा एकही मृत्यू झाला नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. हेल्मेटशिवाय कुणीही मैदानात पाऊल ठेवू नये.

पण तो मापदंड कशासाठी होता ते बघा. हेल्मेट नकली डोक्यावर बसवायचं, ठरावीक उंचीवरून आपटायचं आणि आत किती जोराचा धक्का पोचतो ते मोजायचं. प्रश्न होता कवटी फुटण्याचा, मेंदूत जीवघेणा रक्तस्राव होण्याचा. कन्कशनची, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूला होणाऱ्या इजेची, गोष्ट वेगळी आहे. घट्ट लागलेल्या दह्याचा स्टीलचा डबा जोरात फिरवून एकदम थांबवा. डब्याला पोचाही येत नाही, आतलं दही मात्र मोडतं. मेंदूचं तसंच आहे. डोक्याला बाजूने हिसका बसून मान गर्रकन वळते, तेव्हा कवटी थांबते आणि आतला मऊ मेंदू पिळवटतो, ताणला जातो. बाहेरचं कवच कितीही मजबूत करा, आतला फोम कितीही चांगला वापरा, कवटीच्या आत काही गादी बसवता येत नाही. नवीन हेल्मेटं हा हिसका थोडा कमी करतात, हे खरं. थोडा.

आता माईक वेबस्टरबद्दल. पिट्सबर्ग स्टीलर्स या एनएफएल संघाचा सेंटर, एकूण १७ सीझन खेळला. सेंटर म्हणजे जवळपास प्रत्येक चालीत समोरच्या धिप्पाड गड्यावर डोकं आदळणारा माणूस. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, वागणं बदललं, काही काळ तो आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. २००२ मध्ये पन्नाशीत गेला. शवविच्छेदन केलं बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी. मेंदू वरून अगदी नीट दिसत होता. तरी त्यांनी तो तसाच सोडून दिला नाही, काचपट्ट्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, तेव्हा टाऊ नावाच्या प्रथिनाचे साठे सापडले. हाच तो सीटीई, डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांशी जोडलेला मेंदूचा आजार. आधी तो मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत माहीत होता. २००५ मध्ये त्यांनी शोधनिबंध छापला, तर लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. मेंदूच्या इजांसाठी नेमलेल्या त्या समितीचा अनेक वर्षांचा अध्यक्ष मेंदूचा डॉक्टर नव्हता, संधिवाताचा होता. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

नंतरची नावं तुम्ही ऐकली असतील. एनएफएलचा माजी खेळाडू डेव्ह ड्युअर्सनने २०११ मध्ये स्वतःच्या छातीत गोळी झाडून घेतली, डोक्यात नाही, कारण आपला मेंदू तपासणीसाठी द्यावा असं त्याने लिहून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी ज्युनियर साऊ या दुसऱ्या माजी खेळाडूनेही छातीतच गोळी मारून घेतली, तो ४३ वर्षांचा होता. दोघांच्याही मेंदूत सीटीई निघाला. लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने फुटबॉल आणि सीटीईचा संबंध जाहीरपणे मान्य केला तो थेट २०१६ मध्ये. २०१७ साली बॉस्टन विद्यापीठाने तपासलेल्या एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये हा आजार सापडला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे मेंदू बहुतेक लक्षणं दिसलेल्या माणसांच्या घरच्यांनी दान केले होते, त्यामुळे शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंना सीटीई होतोच असा अर्थ काढू नका. पण ११० हा आकडा झटकून टाकण्यासारखाही नाही.

आणि आता मुद्द्याचं. २०२३ मध्ये ६३१ मेंदूंच्या अभ्यासातून दिसलं की खेळाडूला किती वेळा कन्कशन झालं यावरून सीटीईचा अंदाज नीट बांधता येत नाही. तो बांधता येतो आयुष्यभरात डोक्याने खाल्लेल्या सगळ्या धक्क्यांच्या एकूण जोरावरून. म्हणजे टीव्हीवर दहा वेळा दाखवतात तो भयंकर फटकाच फक्त नाही. रोजचे, कुणाच्या लक्षातही न येणारे धक्के.

माझा भाचा हायस्कूलमध्ये लाइनमध्ये खेळतो. त्याचा सराव बघायला जाळीबाहेर उभा होतो. दोन रांगा समोरासमोर, हात जमिनीला टेकलेले. शिट्टी वाजली की ठक्. प्लास्टिकवर प्लास्टिक. पोरं मागे सरकतात, हनुवटीचा पट्टा ओढून घट्ट करतात, पुन्हा वाकतात. ठक्. कुणी पडत नाही, कुणाला भोवळ येत नाही, कुणी नोंद करत नाही. त्या पोरांच्या डोक्यावर होती ती हेल्मेटं उत्तम होती.

व्यावसायिक लीगमध्ये सध्या हेल्मेटवर चढवायच्या मऊ गादीची, गार्डियन कॅपची चर्चा आहे. २०२२ पासून सरावात काही जागांवरच्या खेळाडूंना ती सक्तीची झाली, २०२४ पासून सामन्यातही घालायला परवानगी मिळाली. कल्पना नवीन नाही. बफेलो बिल्स संघाचा मार्क केल्सो अशीच गादी लावून खेळायचा, त्याला तीसेक वर्षं झाली. लोक त्याच्या मोठ्या दिसणाऱ्या डोक्याला हसायचे. एनएफएलचा खेळाडू टुआ टागोवायलोआ २०२२ मध्ये सिनसिनाटीत आपटला तेव्हा त्याची बोटं वेडीवाकडी आखडलेली सगळ्या देशाने पाहिली, २०२४ मध्ये त्याला पुन्हा कन्कशन झालं, आणि परत आल्यावर त्याने गार्डियन कॅप घालणार नाही असं सांगितलं. मोठा माणूस आहे, त्याचा निर्णय त्याचा. मला स्वतःला वाटतं की ती सामन्यातही सक्तीची करावी. लीग सांगते की २०२४ मध्ये १८२ कन्कशन्स झाली, २०१५ पासूनची सगळ्यात कमी. चांगलंच आहे. पण ही मोजणी निदान झालेल्या कन्कशन्सची, जाळीपलीकडच्या त्या ठक्-ठकची नव्हे.

ज्या खेळाडूंकडे जगातली सगळ्यात भारी हेल्मेटं आहेत, त्यांच्या संघटनेने २०११ च्या करारात काय मिळवलं? आणखी चांगलं हेल्मेट नव्हे. पॅड घालून धडकाधडकीचे सराव सीझनमध्ये जास्तीत जास्त १४, ही मर्यादा मिळवली. स्वतःच्या डोक्यावरचे धक्केच कमी करून घेतले. दहा वर्षांच्या पोराची संघटना नसते हो, त्याच्यासाठी हे आई-बाबांनाच मागावं लागतं.

न्यू जर्सीत हायस्कूलसाठी नियम आहे: सीझन सुरू असताना पूर्ण धडकेचा सराव आठवड्याला फक्त १५ मिनिटं. २०१९ मध्ये तो ९० मिनिटांवरून खाली आणला. तेव्हा हेल्मेटची पावती फाडण्याआधी कोचला भेटा आणि विचारा, ही पंधरा मिनिटं कोण मोजतं? सरावाला अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या इजा बघणारा माणूस, हजर असतो का? मुलाला डोक्याला लागलं तर परत खेळवायचं की नाही हे कोण ठरवतं, कोच की डॉक्टर? असं विचारल्याने मुलाचं टीममधलं स्थान जात नाही. आणि जात असेल, तर त्या टीममध्ये त्याने नसलेलंच बरं.

चौदाच्या आतल्या मुलांना टॅकल फुटबॉल, म्हणजे समोरच्याला अंगावर जाऊन पाडायचा खेळ, नको, हे माझं ठाम मत. बॉस्टनच्याच एका अभ्यासात टॅकल फुटबॉलच्या दर २.६ वर्षांमागे सीटीईची शक्यता दुप्पट दिसली. म्हणजे सातव्या वर्षी सुरू केलं की नववीपर्यंतच मेंदूच्या खात्यावर किती वर्षं जमा झाली ते बघा. फ्लॅग फुटबॉलमध्ये कमरेची पट्टी ओढली की चाल संपते. धावणं, पास, झेल, डावपेच, सगळं तेच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही तो आहे. आमच्या टाउनशिपमध्ये मुलामुलींसाठी त्याची लीग आहे, नोंदणीबद्दल कुणाला विचारायचं असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, मी सांगतो.