टारबॉल आणि ‘तेल खाणारे जिवाणू’: खुलासा

‘उष्णता सोसणारे जिवाणू शिंपडले की समुद्रातलं तेल रात्रीत नाहीसं होतं, गोव्याच्या किनाऱ्यावरचे टारबॉल उचलायची गरज नाही,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. (टारबॉल म्हणजे समुद्रातल्या तेलाचे किनाऱ्यावर येणारे डांबरासारखे गोळे.)

असे जिवाणू आहेत, हे खरं. चीनच्या दागांग तेलक्षेत्रातल्या जिओबॅसिलस नावाच्या अशा एका जिवाणूवरचं संशोधन २००७ साली प्रसिद्ध झालं. पण तो वाढतो ४५ ते ७३ अंश सेल्सिअसला. गोव्याचा समुद्र असतो तिशीच्या आसपास. समुद्रात तेल खाणारे जिवाणू वेगळे, आणि त्यांनाही ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस लागतो. म्हणूनच १९८९च्या अलास्का तेलगळतीनंतर किनाऱ्यांवर खत फवारलं होतं. तरीही डांबरासारखा जड भाग लवकर कुजत नाही.

टारबॉल गोळा करावेच लागतात. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.