अप्परलिप्स आणि दोनशे तासिका

एप्रिल 2024 मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत एक मुलगी 98.5 टक्के मिळवून राज्यात पहिली आली. फोटो सगळीकडे फिरला आणि बघता बघता चर्चा तिच्या गुणांवरून तिच्या चेहऱ्यावरच्या केसांवर घसरली. आधी टवाळी झाली. मग टवाळखोरांना झोडपून झालं. मग एका रेझर कंपनीने सहानुभूतीची पानभर जाहिरात दिली आणि त्या जाहिरातीवरून नव्याने जुंपली. मराठी मंडळींतही तेच दोन पक्ष पडले. एक म्हणतो, पार्लरला जाणं ही बाईची मर्जी. दुसरा म्हणतो, मर्जी कसली, हा दबाव. तेव्हापासून असा एखादा फोटो गाजला की तेच वाद, त्याच शब्दांत, पुन्हा होतात.

जर्मनीत राहून हे वाद ऐकताना एक गोष्ट आधीच कबूल करावी लागते: मर्जी की दबाव याचं उत्तर इथेही कुणाला सापडलेलं नाही. इथे लग्नाच्या पंगतीत कुणी मावशी ‘अप्परलिप्स कर गं’ असं तोंडावर म्हणणार नाही, एवढंच. उन्हाळ्यात तरणतलाव उघडले की कुणी काही न बोलताच सगळ्याजणी गुडघ्यापासून काखेपर्यंत गुळगुळीत झालेल्या असतात. 1984 च्या सुमाराला नेना ही जर्मन गायिका ब्रिटनमध्ये गाजली, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांना तिच्या गाण्याइतकंच तिच्या काखेतल्या केसांचं अप्रूप होतं. तेव्हा जर्मन बायका केस काढत नाहीत अशी ख्याती होती. आज इथल्या डीएम किंवा रॉसमान या साखळीच्या कुठल्याही दुकानात जा, बायकांच्या रेझर-वॅक्सची एक अख्खी भिंत असते.

न बोलता येणाऱ्या या दबावाला इथे शब्दही आहेच. रिसेप्शनिस्ट, विक्रेती, दंतवैद्याची मदतनीस अशा नोकऱ्यांच्या जाहिरातींत ‘गेप्फ्लेग्ट’ दिसणं मागतात. प्फ्लेगे म्हणजे निगा, शुश्रूषा. म्हाताऱ्या माणसांची करतात तीही प्फ्लेगेच. तेव्हा ‘निगा राखलेली’ बाई पाहिजे, असा तो शब्दशः अर्थ. आपल्या ‘नीटनेटकी’चा हा सख्खा भाऊ. तो ऐकायला स्वच्छतेबद्दल असतो, बायकांना लागू होतो तेव्हा भुवयांबद्दल असतो.

फरक पुढच्या पायरीवर आहे. नीटनेटकं म्हणजे नेमकं किती, हे मालकाला इथे कधीतरी कोर्टात सांगावं लागतं. 2010 साली कोलोनच्या प्रादेशिक कामगार न्यायालयापुढे विमानतळावर प्रवाशांची झडती घेणाऱ्या एका कंपनीचे नियम आले. नखं बोटाच्या टोकापुढे अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त नकोत, हा नियम कोर्टाने ठेवला, कारण झडतीत प्रवाशाला ओरखडा येऊ शकतो. बायकांनी नेलपेंट एकाच रंगाचं लावावं, हा नियम उडवला, कारण त्याचा कामाशी संबंध दाखवता येईना. त्याच निकालात अंतर्वस्त्रांबद्दलचे नियम मात्र मान्य झाले, तेव्हा फार भारावून जाण्याचं कारण नाही. पण ‘आमच्याकडे असंच चालतं’ एवढ्यावर सुटका झाली नाही. प्रत्येक नियमापुढे ‘कशासाठी?’ असं विचारलं गेलं, आणि आपल्या वादांत मला नेमका हाच प्रश्न ऐकू येत नाही. त्या मुलीने केस काढावेत की नाही यावर शेकडो मतं आली. ते काढायला ती जिथे जाईल तिथे कोण, काय शिकून, तिच्या चेहऱ्याला काय लावेल, यावर जवळजवळ काही नाही.

लेसरचंच घ्या. लेसर केसाला थेट जाळत नाही. प्रकाश केसातल्या मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्याची उष्णता होते आणि ती मुळापर्यंत पोचते. गोरी कातडी, काळा केस असेल तर काम सोपं. आपल्याकडे मेलॅनिन कातडीतही भरपूर, म्हणून प्रकाश वाटेतच, वरच्या थरात अडतो. पोळतं, फोड येतात आणि नंतर महिनोन्महिने टिकणारे काळे डाग पडतात. म्हणून लेसरची तरंगलांबी महत्त्वाची. 755 नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेला उत्तम, सावळ्या त्वचेला धोक्याचा. 808-810 चा डायोड जपून, लांब पल्स (म्हणजे जास्त वेळ पसरलेला झोत) आणि थंडावा देणारी काच लावून चालतो. 1064 चा एनडी-याग खोल जातो, वरच्या थरात कमी अडतो, म्हणून गडद त्वचेसाठी तोच सर्वांत सुरक्षित. आयपीएल हा लेसर नव्हेच, तो अनेक तरंगलांबींचा झगझगीत दिवा आहे; ‘लेसर’ म्हणून पैसे घेऊन तोच मारला जातो, हे दोन्हीकडे घडतं.

जर्मनीत या यंत्रांसाठी 31 डिसेंबर 2020 पासून एक वटहुकूम लागू आहे. टॅटू किंवा त्वचेवरचे रंगीत डाग लेसरने काढायचं काम फक्त डॉक्टरांचं. केस काढायला डॉक्टर नसलं तरी चालतं, पण 2022 च्या अखेरीपासून त्या व्यक्तीकडे प्रमाणित शिक्षण लागतं: त्वचेच्या मूलभूत ज्ञानाच्या 80 तासिका आणि प्रकाशकिरणांच्या 120, तासिका म्हणजे शाळेसारखी 45 मिनिटांची. दर पाच वर्षांनी उजळणी. शिवाय पहिल्या खेपेआधी धोके समजावून सांगायचे आणि ते लिहून ठेवायचं. आपल्याकडे नाक्यावरच्या ‘स्किन क्लिनिक’मध्ये यंत्र कंपनीकडून येतं, त्यासोबत एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण येतं आणि तिसऱ्या दिवशी ऑफर लागते.

आता याची दुसरी बाजू, जी इथल्या मराठी बायकांना लवकर कळते. दोनशे तासिका झालेल्या माणसाच्या हाताखालून बहुतेक गोरी त्वचाच गेलेली असते. त्वचेचे गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा प्रकार पाडणाऱ्या ज्या फिट्झपॅट्रिक श्रेणीवर हे सगळं बेतलेलं आहे, ती 1975 मध्ये हार्वर्डच्या त्वचाविकारतज्ज्ञाने केली, आणि पहिल्या चारही पायऱ्या गोऱ्या कातडीच्याच होत्या; तपकिरी पाचवी आणि काळी सहावी मागून जोडली. आपण बहुतेक मराठी माणसं चौथीत-पाचवीत बसतो. दुकानात मिळणारं घरगुती आयपीएल यंत्र गालाला टेकवलं की त्यातला सेन्सर रंग तपासतो, आणि त्वचा ठरावीक मर्यादेपेक्षा गडद असली तर झोत सोडतच नाही. अपमान वाटतो खरा, पण त्या यंत्राचं ऐकावं.

आणखी एक गोष्ट क्लिनिकच्या पत्रकात सहसा नसते. हनुवटी, जबड्याची कड आणि मान इथे लेसर किंवा आयपीएलनंतर काही जणींना उलट जास्त आणि जाड केस येतात. कमी शक्तीचा झोत मूळ मारण्याऐवजी डिवचतो, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. भूमध्य समुद्राकाठच्या, पश्चिम आशियाई आणि दक्षिण आशियाई बायकांत, त्यातही पीसीओएस (बीजांडकोशांशी निगडित हार्मोन्सचा विकार) असेल तर, हे जास्त दिसतं. नुसती बारीक लव आहे म्हणून तिथे लेसर मारून घेणं म्हणजे आ बैल मुझे मार.

केस ‘जास्त’ आहेत हे ठरवणारी पट्टीही परदेशी आहे. 1961 मध्ये लंडनमध्ये फेरीमन आणि गॅलवे यांनी बायकांच्या अंगावरच्या केसांना गुण द्यायची पद्धत बसवली. आज वापरतात त्या सुधारित रूपात ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा-खालचा भाग, दंड, मांड्या, पाठीचा वरचा-खालचा भाग अशा नऊ जागा, प्रत्येकी 0 ते 4. वर्षानुवर्षं 8 ही सीमा धरली जात होती; 2023 च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शिकेत ती वंशानुसार 4 ते 6 आहे. हे तपासणीचं साधन आहे, सौंदर्याची गुणपत्रिका नव्हे. पाळी नियमित, केस हळूहळू आणि आईसारखेच आलेले, तर बहुतेक वेळा यात आजार नसतो. पाळी लांबते आहे तर हार्मोन्स तपासावेत. आणि चार-सहा महिन्यांत भराभर केस, आवाज जाड, कपाळाकडून टक्कल असं झालं तर पार्लर नव्हे, डॉक्टर गाठायचा, तोही त्याच आठवड्यात. त्या टॉपर मुलीला ‘हार्मोन्स चेक कर’ असं फोटो बघून सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी पाळीबद्दलचा प्रश्न मनात तरी आणला असेल?

लेसर राहू द्या, ते अजून मूठभरांचं आहे. रोजचं काम गल्लीतल्या पार्लरमध्ये चालतं. तिथल्या थ्रेडिंगवर माझा मुळीच राग नाही. दोरा, पावडर आणि कसलेला हात, याहून स्वस्त आणि निरुपद्रवी पद्धत नाही. चुका दोनच. दोरा केसाच्या दिशेविरुद्ध नीट पकडला नाही तर केस मुळाशी न निघता तुटतो आणि दोन दिवसांनी पुळ्या येतात. आणि दोऱ्याचं एक टोक दातात धरायची जुनी सवय. एकीच्या चेहऱ्यावरचे चामखीळ दोऱ्यावाटे दुसरीकडे गेल्याची उदाहरणं आहेत. दोरा मानेत अडकवून आणि दर गिऱ्हाइकाला नवा घेऊन हा प्रश्न सुटतो. नवा दोरा मागायला आपल्याला संकोच वाटतो, तो सोडावा.

खरी गडबड ब्लीचमध्ये होते. क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड, पावडरमध्ये पर्सल्फेट. डबीवर एक चमचा क्रीमला दोन-तीन चिमट्या पावडर असं काहीतरी लिहिलेलं असतं, पण ‘उद्या कार्यक्रम आहे, चांगलं उजळू दे’ म्हटलं की चिमटीचा चमचा होतो. मग दहा मिनिटांचे वीस होतात. चुणचुण होणं म्हणजे ‘काम करतंय’ असं सांगतात; चुणचुण म्हणजे धुवा. वॅक्स किंवा थ्रेडिंगनंतर लगेच त्याच जागी ब्लीच तर कधीच नाही. वॅक्सचंही एक पथ्य: पिंपल्ससाठी अ‍ॅडापालीन किंवा ट्रेटिनॉइन लावत असाल तर ते आठवडाभर आधी बंद करून मगच वॅक्स, नाहीतर पट्टीबरोबर केसाखालची कातडीही सोलून येते. हा एक प्रश्न पार्लरवाल्या ताईंनी विचारायचा असतो. त्यांना तो कुणी शिकवलेलाच नसतो.

22 सप्टेंबर 2025 पासून पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा बायकांना दिलासा म्हणून बातम्या झाल्या. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवेला नोंदणीच लागत नाही, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत चालणाऱ्या पार्लरात तो कर आधीही नव्हता. फायदा झाला तो मॉलमधल्या साखळी सलोनच्या गिऱ्हाइकांना.

नियम हवेत म्हटलं की कुणीतरी लायसन्स राजची आठवण काढतं, आणि ती भीती खोटी नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये भुवया कोरणाऱ्या बायकांना 750 तासांच्या ब्युटीशियन कोर्सची सक्ती होती, ज्यातला बराच भाग थ्रेडिंगशी संबंधच नसलेला. ही कला तिथे नेली आपल्या भागातल्या लोकांनीही, आणि खटला लढवणाऱ्यांतही ते होते. ‘पटेल’ या नावानेच तो ओळखला जातो. 2015 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द केली. तेव्हा दोऱ्याला 750 तास हा जाच आहे, पण झोत मारणाऱ्या यंत्राला दोन दिवस हीसुद्धा थट्टाच. मला विचाराल तर थ्रेडिंगला स्वच्छतेचं एक दिवसाचं प्रशिक्षण पुरे, ब्लीच-वॅक्सला आठवडा, आणि लेसरला जर्मनीइतकं.

शेवटी डिसेंबरबद्दल, कारण इथल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात हा बेत ठरतो: तीन आठवडे पुण्याला चाललोय, लेसर तिकडेच उरकून घेऊ, स्वस्तही पडतं आणि तिथल्या डॉक्टरला आपली त्वचा कळते. दुसरी दोन कारणं बरोबर, पहिलं चूक. तीन आठवड्यांत ते ‘उरकत’ नाही. लेसर फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसांवर चालतो आणि एका वेळी सगळे केस त्या अवस्थेत नसतात, म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ खेपा लागतात. दर आठवड्याला एक अशा तीन खेपा विकणारं क्लिनिक मिळतं. त्यातल्या दोन वाया जातात आणि भाजण्याचा धोका तेवढा तिप्पट. गेलातच तर त्वचाविकारतज्ज्ञाकडे जा, यंत्र कुठलं आणि तरंगलांबी किती ते विचारा, कानाखाली छोटी चाचणी घेऊन किमान दोन दिवस, जमल्यास आठवडा थांबा, आणि मग एकच खेप घ्या. त्याच सुट्टीत गोव्याचा बेत असेल तर दोन्हींतलं एक निवडा, कारण उन्हाने रापलेल्या कातडीवर झोत मारायचा नसतो आणि झोतानंतरही महिनाभर ऊन टाळायचं असतं.

लेसरच्या आधी चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा बंद, कारण मूळच उपटलं तर प्रकाश पकडायला आत काही उरत नाही. एवढे दिवस करायचं काय? रेझर. इथे घरातल्या बायका हादरतात: ‘अगं, दाढी करतेस की काय?’ कापल्याने केस दाट येतात हा समज 1928 मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने मोजमाप करून खोडला होता. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून ते बोटाला खरखरीत लागतं, इतकंच. मूळ खाली होतं तसंच असतं. कोरफडीचा गर किंवा साधं क्रीम लावून, नवं पातं, केस वाढतात त्याच दिशेने, हलक्या हाताने. खेपेच्या आदल्या दिवशी शेवटची फिरवायची.