पाचटाच्या धुरानं काही होत नाही, म्हणता?

ऊसतोडणीचा हंगाम आला की आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सार असा: पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवल्यानं माणसाला काही होत नाही, आपल्या आज्या चुलीचा धूर खाऊन नव्वद वर्षं जगल्या. धूर तासाभरात विरतो. राखेचं खत होतं. प्रदूषण गाड्या-कारखान्यांचं, बदनामी मात्र शेतकऱ्याची. आणि ज्याला त्रास होतो त्यानं दारं लावून घ्यावीत.

आमचाही दीड एकर ऊस आहे आणि आम्हीही अगदी अलीकडेपर्यंत पाचट पेटवत होतो. तरीही हा मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही.

आधी आजीचं. नव्वदीला पोचलेली आजी आपल्याला आठवते, कारण ती डोळ्यांसमोर बसलेली असते. पन्नाशीत धाप लागून गेलेल्या बायकांबद्दल 'दम्यानं गेली' एवढंच बोललं जातं, चुलीचं नाव कुणी घेत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडलं होतं. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आक्रसण्याचा आजार होतो, आणि लाकूड, शेणी, पिकांचा काडीकचरा यांचा धूर हे जगभरात त्याचं फार मोठं कारण आहे.

धूर विरतो म्हणजे दिसेनासा होतो, एवढंच. फड, म्हणजे उसाचं रान, पेटला की काळी काजळी उडत येते, दोरीवरच्या धुण्यावर आणि तुळशीच्या पानांवर बसते. बोट लावलं की तिचा चुरा होतो. बायका वैतागतात, पण त्यातल्या त्यात तीच कमी धोक्याची, कारण एवढा मोठा तुकडा नाकात-घशातच अडकतो. घात करतो तो पीएम २.५, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. डोक्याचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. हा कण फुप्फुसाच्या पार टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातो, त्यातला अतिबारीक भाग रक्तात उतरतो. म्हणून नुसता खोकलाच नाही, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१३ साली हवेतल्या अशा कणांना कर्करोगकारक ठरवलं. त्यात आपला हंगाम थंडीचा. रात्री जमिनीलगतची हवा गार पडते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि संध्याकाळी पेटवलेल्या फडाचा निळसर पट्टा सकाळीसुद्धा ओढ्यावर तरंगत असतो.

पुरावा मागणाऱ्यांसाठी उसाचाच पुरावा आहे. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात तोडणीआधी ऊस पेटवायची रीत होती. तिथल्या अराराक्वारा शहरात, जाळणीच्या महिन्यांत दम्यानं दवाखान्यात भरती होणारे इतर महिन्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाले. त्या राज्यानं २००२ साली ऊस जाळणं टप्प्याटप्प्यानं थांबवायचा कायदा केला. भाताच्या काडाचं म्हणाल, तर पंजाबात पतियाळ्याला धडधाकट माणसांच्या फुप्फुसांची ताकद जाळणीच्या दिवसांत घटलेली मोजली गेली. आपल्या देशातल्या अडीच लाख लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१९ साली आला. ज्या जिल्ह्यांत जास्त जाळलं जातं तिथं श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गाचा धोका तिप्पट होता, आणि सगळ्यात जास्त झळ पाच वर्षांखालच्या लेकरांना.

गाड्या-कारखान्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. पुण्या-मुंबईची हवा काही ऊसवाल्यानं बिघडवलेली नाही, आणि शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की मलाही राग येतो. पण आमच्या वाडीत ना सिग्नल, ना ट्रॅफिक. रात्री घरात शिरतो तो धूर आपल्याच बांधावरचा असतो.

राखेचं एवढंच सांगतो: हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यात ४० ते ५० किलो नत्र असतं आणि जाळल्यावर ते जवळजवळ सगळं हवेत जातं. न जाळता सरीत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकायची शिफारस आहे. आम्ही खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, हेच करतो. पहिल्या वर्षी पाणी नीट फिरत नाही, उंदीर वाढतात, मजुरी लागते, हे खरंच आहे.

आता दारं लावायचं. गेल्या जानेवारीत शेजारचा फड पेटला तेव्हा आमच्या थोरल्या काकूंनी दार लावलं, उंबऱ्याशी ओलं लुगडं कोंबलं. घर कौलारू. धूर वरून उतरला. रात्री दोन वाजता त्या पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास ओढत होत्या, दम्याचा पंप दोनदा मारूनही. आणि त्याच फडाच्या कडेला बीडहून आलेल्या तोडकऱ्यांच्या चार कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या, आत पोरं झोपलेली. कोपीला दारच नसतं.