साठ्याचं तेल, डिझेलचा भाव आणि दारव्ह्याच्या भाऊंना उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की देशाचा राखीव तेलसाठा वाढवायला हवा, आणि नुसता भाव उतरवायला म्हणून तो कधी उघडू नये. त्यावर यवतमाळच्या दारव्ह्याकडच्या एका वाचकाची सणसणीत प्रतिक्रिया आली. नाव लिहिलेलं नाही, म्हणून भाऊच म्हणतो. अख्खी प्रतिक्रिया लांब आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत:

“सर, मंगळुरूच्या डोंगरात तेल पुरून आमच्या वावराले काय फायदा? एकरी नांगरटीचा भाव कुठं गेला ते पाहा. कच्चं तेल महागलं की डिझेल लगेच महाग, स्वस्त झालं तर मात्र कोणाले पत्ता नाही. साठा आहे तर सोडा ना बाजारात, काऊन दडपून ठेवता? आमच्याकडे कोळसा आहे, ऊन आहे, आता इथेनॉल आहे. अन् ज्याले गरज आहे तो घरी दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवतेच. तुम्ही सरकारची वकिली करून राहिले.”

भाऊ, वकिलीचं राहू द्या. याच ब्लॉगवर इंधनावरच्या कराबद्दल लिहिलं तेव्हा मला विरोधकांचा माणूस ठरवलं होतं, म्हणजे फिटंफाट झाली.

साठा आहे तरी किती, ते आधी पाहू. विशाखापट्टणमला १३.३ लाख टन, मंगळुरूला १५ लाख टन आणि उडुपीजवळच्या पादूरला २५ लाख टन. मिळून ५३.३ लाख टन, म्हणजे सुमारे ३ कोटी ९० लाख पिंपं, तेही तिन्ही ठिकाणं काठोकाठ भरलेली असतील तर. सरकारच्याच हिशेबाने ही साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांच्या टाक्यांतलं तेल धरलं की आकडा ७४ दिवसांच्या आसपास जातो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा ठेवावा लागतो. आपण तिचे पूर्ण सदस्य नाही, पण शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणणाऱ्या देशाला तो मापदंड लागू पडायला हरकत नाही. आणि हे तेल डोंगरात पुरलेलं नाही बरं का. भूजलपातळीच्या खाली कातळ कोरून पोकळ्या केल्या आहेत, भोवतीच्या पाण्याच्या दाबाने तेल आत राहतं. समुद्राकाठी केल्या कारण कच्चं तेल जहाजाने येतं. वणी-राळेगावला तसं भुयार खोदून मागाल तर काही कामाचं नाही, कच्चं तेल ट्रॅक्टरमध्ये जात नाही.

आता “सोडा ना बाजारात”. सोडलं होतं, भाऊ. २३ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिका, जपान वगैरे देशांच्या जोडीने भारतानेही ५० लाख पिंपं सोडायचं जाहीर केलं. ५० लाख पिंपं म्हणजे देशाचा जेमतेम एका दिवसाचा खप. त्या दिवशी जागतिक बाजारात भाव उतरला नाही, उलट चढला; व्यापाऱ्यांनी याहून मोठा आकडा धरला होता. तीन दिवसांनी भाव दहा टक्क्यांहून जास्त कोसळला खरा, पण तो ओमायक्रॉनच्या बातमीने. आणि त्याच महिन्यात आपल्या पंपावरचं डिझेल खाली आलं ते कशाने? दिवाळीच्या आदल्या दिवशी केंद्राने डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे १० रुपयांनी कमी केलं, त्याने.

तेव्हा तुमचा राग मला पटतो, पण तो भुयारावर काढू नका, कराच्या तक्त्यावर काढा. एप्रिल-मे २०२० मध्ये करोनाने जगभरची तेलाची मागणी बसली तेव्हा सरकारने हीच भुयारं पिंपामागे सरासरी १९ डॉलरच्या भावाने भरली आणि सुमारे ५,००० कोटी रुपये वाचवल्याचं सांगितलं. काम चोखच केलं. पण त्याच मे महिन्यात डिझेलवर लिटरमागे १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवलं, ते ३१ रुपये ८३ पैशांवर नेलं. स्वस्त तेलाचा फायदा तिजोरीत गेला, तुमच्या डिझेल टाकीपर्यंत आला नाही. तुम्ही म्हणता ते “कोणाले पत्ता नाही” इथलं आहे. पुढे २०२१ मध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले, जुलै २०२२ मध्ये राज्यानेही व्हॅटमधून डिझेलचे ३ रुपये उतरवले. म्हणजे भावाची चावी दिल्लीत आणि मुंबईत आहे, मंगळुरूत नाही. आमदार-खासदार गावात येतील तेव्हा ही चावी मागा. साठा उघडा असं त्यांना म्हणालात तर ते खुशीने उघडतील, कारण त्यात त्यांच्या उत्पन्नाचा एक पैसाही जात नाही!

आपल्या आजोबांच्या पिढीने ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, केलं होतं. ज्वारीचा भाव चार आण्यांनी चढला म्हणून कुणी पेव उघडत नव्हतं. पाऊस गेला, वावरात काही राहिलं नाही, तेव्हा ते उघडायचं. तेलाचंही तेच आहे. १९७३ च्या अरब तेलबंदीने अमेरिका हादरली आणि १९७५ ला तिने राखीव साठ्याचा कायदा केला, तो पुरवठा तुटला तर म्हणून. पुढे तिथल्या दोन्ही पक्षांनी त्याचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मार्च २०२० मध्ये भाव तीस डॉलरच्या आसपास घसरला तेव्हा ट्रम्प म्हणाले, साठा काठोकाठ भरू. त्यासाठीचे ३०० कोटी डॉलर डेमोक्रॅटांनी करोनाच्या मदत विधेयकातून काढायला लावले, तेल कंपन्यांना खैरात नको म्हणून. दोन वर्षांनी युक्रेन युद्धात भाव शंभरावर गेला आणि डेमोक्रॅट बायडेन यांनी १८ कोटी पिंपं बाजारात काढली, तेही मध्यावधी निवडणुकीच्या वर्षात. २०२३ च्या मध्यावर तो साठा १९८३ नंतरच्या तळाला होता. विकलं सरासरी ९५ डॉलरने आणि काही भाग पुढे ८० च्या आत परत घेतला, त्यामुळे सौदा तोट्याचा नव्हता. पण पेव सौद्यासाठी नसतं. स्वस्ताईत भरायला एका पक्षाने अडवायचं, महागाईत त्यानेच उपसायचं, आणि दोन्ही वेळा नाव सामान्य माणसाचं घ्यायचं.

आपल्याकडे याला पक्षाचा रंग नाही, हे तरी बरं. निर्णय वाजपेयी सरकारचा, खोदकाम मनमोहन सिंगांच्या काळातलं, लोकार्पण मोदींच्या. पण चालढकलही सगळ्यांची. ओडिशातलं चांदीखोल आणि पादूरचा दुसरा टप्पा, मिळून ६५ लाख टन, याला २०१८ मध्ये तत्त्वतः आणि २०२१ मध्ये पुन्हा मंजुरी मिळाली. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तेल भरायला ५,००० कोटी ठेवले आणि वर्षाच्या आत तो बेत पुढे ढकलला. साठा वाढला म्हणून कोणी मत देत नाही, हे नेत्यांना पक्कं ठाऊक आहे. तुमची प्रतिक्रिया वाचून त्यांची खात्रीच पटेल.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, वावराला काय फायदा. खरं उत्तर असं की आज फार थोडा, आणि मला खुपतं ते हेच.

जून २०२२ आठवा. कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर, पण पंपावरचा भाव वर जाऊ दिलेला नव्हता. घाऊक डिझेल मार्चमध्येच लिटरमागे २५ रुपयांनी महाग केलेलं, म्हणून मोठे घाऊक गिऱ्हाईक साध्या पंपावर रांगेत आले. खासगी कंपन्यांनी तोट्यात विकायला नको म्हणून आपले पंप आवरते घेतले. त्यात पेरणीचे दिवस. राजस्थान, मध्य प्रदेश, कर्नाटकात पंप कोरडे पडायला लागले. मध्य प्रदेश म्हणजे आपल्या वरुड-मोर्शीच्या पलीकडचाच की. शेवटी १७ जूनला केंद्राला आदेश काढावा लागला की परवाना असलेल्या प्रत्येक पंपाने, आडगावच्यासुद्धा, ठरल्या वेळेत माल ठेवलाच पाहिजे. देशात तेल कमी नव्हतं. भाव दाबून धरला होता, आणि तसं केलं की माल आधी आटतो तो नागपूरच्या रिंग रोडवर नाही, तालुक्याहून वीस किलोमीटर आतल्या पंपावर. तिथला टँकर सगळ्यात शेवटी निघतो आणि सगळ्यात आधी रद्द होतो.

जानेवारी २०२४ चंही तसंच. नव्या न्याय संहितेतल्या अपघाताच्या कलमाविरुद्ध ट्रक आणि टँकरवाले थांबले, आणि दुसऱ्याच दिवशी विदर्भभर पंपांवर मोटारसायकलींच्या रांगा. आमच्या रस्त्यावरच्या पंपाने कॅन घेऊन आलेल्याला सरळ परत पाठवलं. अकोल्याजवळच्या गायगाव डेपोत तेल होतं, मंगळुरूच्या भुयारात होतं, आमच्या गावाला नव्हतं.

म्हणून साठा वाढवा म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त कच्च्या तेलाची भुयारं नाहीत. मे महिन्याच्या शेवटी, मृग लागायच्या आधी, आतल्या डेपोंमध्ये आणि ग्रामीण पंपांवर तयार डिझेल किती दिवसांचं असलं पाहिजे, याचा लेखी नियम हवा आणि जिल्हाधिकाऱ्याने तो तपासावा. खताचा साठा तपासतात ना, तसा. आणि भुयार कधी उघडायचं याचाही नियम हवा: आयात अमुक इतकी तुटली तर उघडेल, निवडणूक आली म्हणून नाही.

गॅसचं तर याहून नाजूक. घरगुती गॅसपैकी साठ टक्के आपण आयात करतो, बहुतेक आखातातून, म्हणजे होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रातून. गॅससाठी कातळातली भुयारं दोन, विशाखापट्टणमचं ६० हजार टनांचं आणि मंगळुरूचं ८० हजारांचं. वर्षाचा खप ३ कोटी टनांवर आहे; भागाकार केला तर ही दोन्ही मिळून दोन दिवसही पुरत नाहीत. सिलिंडर नसलं तर चुलीला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, आहे म्हणाल. आहे, पण ती फुंकायला तुम्ही बसत नाही आणि मीही नाही.

कोळशाचं आणि उन्हाचं थोडक्यात. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, कोराडी-खापरखेडा वेगळे, आणि त्याच विदर्भात हरभऱ्याला पाणी द्यायला पाळीने रात्री वावरात जावं लागतं. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेने दिवसाची वीज सगळीकडे खरोखर आली तर ओलिताचं डिझेल वाचेल. नांगरट, पेरणी, थ्रेशर, मालाची गाडी मात्र डिझेलवरच राहणार.

इथेनॉलवर मात्र मी तुम्हाला अडवणार. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं. एवढं इथेनॉल उसातून निघत नाही, म्हणून धान्य आलं. आज त्यात सर्वात मोठा वाटा मक्याचा आहे, आणि अन्न महामंडळाचा तांदूळही २०२५ मध्ये क्विंटलला २,२५० रुपयांनी कारखान्यांना दिला गेला. धान्याचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो प्रथिनांचा असतो आणि कोंबड्यांच्या खाद्यात सोयाबीनच्या ढेपेची जागा घेतो. ढेपेपेक्षा स्वस्त पडतो. ढेपेला गिऱ्हाईक कमी झालं की तेल काढणारा प्लांटवाला सोयाबीनला भाव देत नाही. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत सोयाबीन बराच काळ चार हजारांच्या आसपास घुटमळत होतं, ते तुम्ही स्वतः विकलं असेल. आयात खाद्यतेल आणि जगभरातलं भरघोस पीक हीदेखील कारणं आहेत, सगळं खापर इथेनॉलवर फोडत नाही. पण देशाने परकीय चलन वाचवलं त्याचा थोडा तरी भाग यवतमाळ-वाशीमच्या शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून कापला गेला. पऱ्हाटीपासून आणि तणसापासून इथेनॉल काढायच्या घोषणा झाल्या, तो कारखाना आपल्या भागात दिसला की मला कळवा.

राहिला तुमचा ड्रम. दोनशे लिटर, नव्वदीच्या भावाने अठरा हजार रुपये. पेरणीच्या तोंडावर पीककर्ज बँकेत अडकलेलं, बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर. त्या आठवड्यात अठरा हजार मोकळे कोणाकडे असतात? ट्रॅक्टरवाल्याकडे असतात, तो ड्रम भरतो आणि टंचाईत एकरी भाव वाढवतो. तीन एकरवाला भाड्याने डवरणी-पेरणी करून घेतो, त्याच्याकडे ना ट्रॅक्टर ना ड्रम. तुम्ही ज्याच्या बाजूने लिहिलं आहे तोच या हिशेबात उघडा पडतो, आणि सरकारी साठ्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे.

पुढचा लेख सोयाबीन आणि डीडीजीएसवर आहे. दारव्हा-दिग्रस बाजार समितीतल्या गेल्या दोन हंगामांच्या तुमच्या विक्रीच्या पट्ट्या असतील तर नाव-गाव झाकून फोटो पाठवा, भाऊ. तारीख आणि भाव दिसला म्हणजे झालं.