खाली येऊन सही करा

बिलातनं बाराशे रुपये कापलेत. कारण काय लिहिलंय, तर 'लॉबीत अडथळा'. आता तो अडथळा म्हणजे मीच, हार्नेस घालून सोळा-सतरा फुटांवर अडकलेला, आणि मला खाली घ्यायला त्यांच्यातलाच एक माणूस तयार नव्हता, हे बिलावर कुठेच नाही.

तर घोडबंदर रोडवरची सोसायटी, कासारवडवलीच्या पुढे. लॉबी डबल हाइट, म्हणजे बिल्डरने ब्रोशरमध्ये भारी दिसावी म्हणून केलेली आणि दिवे गेल्यावर तिथे हात कसा पोचणार याचा विचार कुणीच न केलेली. माझं काम दिवे आणि कॅमेरे मेंटेनन्सचं, रबाळे एमआयडीसीत छोटा गाळा आहे, आणि गेल्या वर्षी तळोज्याच्या एका यार्डातनं सेकंडहँड सिझर लिफ्ट घेतलीये, कात्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या पायांवर सरळ वर जाणारा प्लॅटफॉर्म. एकोणीस फुटी, बॅटरीवरची. म्हणजे प्लॅटफॉर्म एकोणीस फुटांवर जातो आणि आपण हात वर केला की पंचवीस.

त्या यार्डवाल्याबद्दल थोडं बोलू दे. मशिन दुबईच्या कुठल्यातरी मॉलमध्ये उमेदीची वर्षं घालवून कंटेनरमधनं इकडे आलेलं, आणि त्याने त्याला असा काही पिवळा मारला होता की नवरी म्हणून उभी करा. रंग मारणाऱ्याने हात आखडता घेतला नव्हता. ग्रीसचे निप्पल रंगवले, वायरी रंगवल्या, वजन किती चालतं तो स्टिकरसुद्धा रंगवला. मी विचारलं, "कपॅसिटी किती?" तो म्हणतो, "साहेब, दोन माणसं आणि थोडं सामान, बिनधास्त." स्टिकर नखाने खरवडला तेव्हा खाली 227 किलो निघाले. अवर मीटर अकराशे तास दाखवत होता. टायर बघितले तर मीटर खोटं बोलतोय की टायर हे कळेना, पण पैसे दिलेले होते.

घेणं एकवेळ सोपं, पोसणं अवघड. सहा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, मिळून चोवीस. माझा पहिला सेट सहा महिन्यांत बसला, नवा साठ-सत्तर हजारांच्या घरात पडला, तोही डीलरच्या हातापाया पडून. पाणी डिस्टिल्डच घालायचं, तेही चार्जिंग झाल्यावर, कारण आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड उतू जातं. पण प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढं आधीच घालायचं. हे मी ऑपरेटरला, म्हणजे संजयला, इतक्या वेळा सांगितलंय की आता तो माझ्या आधी वाक्य पूर्ण करतो आणि तरी पाणी घालत नाही.

त्या दिवशी मात्र त्याला उपरती झाली. मी वर गेलो, त्याने बॅटरीचं झाकण उघडून बघितलं आणि "साहेब, पाणी घेऊन आलोच" म्हणून गेटबाहेर पडला. मी दिवा बदलला, खाली यायचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. वर जायचं दाबलं तर मशिन आनंदाने अजून अर्धा फूट वर गेलं. म्हणजे माझ्या लक्षात आलं, पंपाची तक्रार नाही, खाली यायचा जो व्हॉल्व्ह असतो त्याच्या कॉइलला करंट जात नाहीये. अशा वेळेसाठी मशिनच्या बुडाशी शिडीच्या बाजूला एक लाल मूठ असते, ती ओढली की तेल परत टाकीत जातं आणि प्लॅटफॉर्म आपल्या वजनाने हळूहळू खाली येतो. करंट लागत नाही, अक्कल लागत नाही. फक्त खाली एक माणूस लागतो.

आणि माणूस होता. सोफ्यावर पेपर घेऊन बसलेले काका. हाफ पँट, बनियनवर शर्ट, शर्टाची बटणं उघडी.

"काका, जरा मदत कराल का? ती शिडी दिसतेय ना, तिच्या बाजूला लाल मूठ आहे, तेवढी ओढा."

काकांनी पेपर घडी घालून ठेवला. चष्मा बदलला. मशिनला एक प्रदक्षिणा घातली.

"बॅटरीवर आहे का?"

"हो काका. ती लाल—"

"पाणी कुठलं घालता?"

"डिस्टिल्ड."

"विकत?" काकांना वाईट वाटलं. "अहो, एसीचं पाणी घालायचं. आमच्या इन्व्हर्टरला आठ वर्षं तेच घालतोय. बाटल्या भरून ठेवल्यात, पाहिजे तर देतो एक."

मी वरनं म्हटलं की एसीच्या पाण्यात कॉइलवरची धूळ, धातू सगळं येतं, बॅटरीची वाट लागते, आणि म्हणताना मला कळत होतं की सतरा फुटांवरनं खालच्या माणसाशी वाद घालण्यात शहाणपण नाही, पण तोंड थांबेना. काका म्हणाले, "आठ वर्षं." विषय संपला.

"काका, मूठ."

"ओढतो ना. पण उद्या काय झालं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तसं लिहून द्या." वॉचमनला हाक मारली, रजिस्टर मागवलं. वॉचमनने रजिस्टर आणलं. काकांनी स्वतःच्या हाताने, शुद्धलेखन सांभाळून, लिहिलं: 'सदर यंत्र चालकाच्या विनंतीवरून व त्याच्या जबाबदारीवर खाली घेण्यात येत आहे.' मला वाचून दाखवलं. 'चालकाच्या' खोडून 'मिस्त्रीच्या' केलं. मग रजिस्टर वर धरून म्हणाले, "या, खाली येऊन सही करा."

मी काही बोललोच नाही. खरंच सुचलं नाही.

"सहीशिवाय मी हात लावणार नाही. तीस वर्षं सरकारी खात्यात काढलीत, एकही मेमो नाही." हे अभिमानाने. पेन्शनीत निघालेला माणूस आणि त्याचा कोरा रेकॉर्ड, त्यापुढे माझा जीव कोण विचारतो.

मी वॉचमनला म्हटलं, भाऊ, तू ओढ. वॉचमनने काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "याची ड्युटी गेटवर आहे." वॉचमन गेटवर गेला.

तेवढ्यात खाली पिशवीत माझा फोन वाजायला लागला. फोन मी वर नेत नाही, खिशातनं निसटला तर खालच्याचं डोकं फुटायचं.

"फोन वाजतोय तुमचा."

"उचला काका, संजय असेल."

"दुसऱ्याचा फोन आपण उचलत नाही." परत सोफ्यावर. थोड्या वेळाने, "परत वाजतोय. महत्त्वाचा दिसतोय."

तो संजयच होता. पाच लिटरचा कॅन घेऊन गेटवर उभा, कारण एकदा बाहेर पडला की परत एंट्री, परत एंट्री म्हणजे ॲपवर परत अप्रूव्हल, आणि अप्रूव्हलसाठी गेटवरनं फोन कुणाला, तर ज्याच्या नावावर काम आहे त्याला. म्हणजे मला. गेटपासून मी दिसत होतो. काचेतनं, स्पष्ट, लाइट चालू असलेल्या लॉबीत. संजयने बोट दाखवून सांगितलं म्हणे, "ते बघा, ते वर आहेत ते." सिक्युरिटी म्हणाली, फोनवर हो म्हणायला सांगा.

काकांनी मधल्या काळात माझा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. उत्तरं मोठ्याने वाचून दाखवत होते. कुणीतरी विचारलं, फरशीला तडा गेला तर भरून कोण देणार, मशिनचं वजन किती? मी वरनं सांगितलं, दीड टन. काकांनी ते टाइप केलं आणि मग ग्रुपवर जे काय सुरू झालं त्यात मी अडकलोय हा मुद्दा मागे पडला.

शेवटी धुण्याभांड्याच्या एक मावशी कामं उरकून चालल्या होत्या. वर बघितलं, म्हणाल्या, "काय झालं ओ दादा?" मी सांगितलं. मावशींनी पिशवी खाली ठेवली, मूठ ओढली, मी खाली आलो. काकांनी लगेच रजिस्टर पुढे केलं. मी सही केली.

वायर नंतर सापडली. व्हॉल्व्हजवळ जुना तुटलेला जोड, त्याला काळी टेप, आणि टेपवर तो पिवळा रंग. यार्डवाल्याला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

बाराशेचं मी गिळलं असतं. पण सेक्रेटरी म्हणतात, पुढच्या वेळेला मशिन नको, घोडा, म्हणजे उभी शिडी, लावून एखादा पोरगा पाचशेत करतो. करतो की. पट्टा नाही, हेल्मेट नाही, खाली घोडा धरायला त्याचाच लहान भाऊ. कारखान्यात गेलो तर सेफ्टी ऑफिसर मशिनचं टेस्ट सर्टिफिकेट बघितल्याशिवाय गेटमधनं आत सोडत नाही, आणि इथे तीन कोटींच्या फ्लॅटवाल्यांना घोडा चालतो. जेएलजी ही अशी उंचावर माणूस नेणारी मशिनं बनवणारी कंपनी जॉन ग्रोव्ह नावाच्या माणसाने अमेरिकेत 1969 साली काढली. कंपनीवाले सांगतात की हूव्हर धरणापाशी परांचीवरची दोन माणसं शॉक लागून गेलेली त्याने पाहिली, म्हणून तो या उद्योगात पडला. माझं मशिन त्यांचं नाही, पण ही गोष्ट मी प्रत्येक कोटेशनच्या वेळी गिऱ्हाइकाला सांगतो. सगळे मन लावून ऐकतात, मग विचारतात, "पण रेट काही कमी?"

काल काकांचा फोन. नंबर रजिस्टरमधनं काढलेला. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एसीचं आउटडोअर युनिट हलतंय, रविवारी मशिन मोकळं आहे का, ओळखीतले म्हणून काही सूट? मी म्हटलं, काका, ही लिफ्ट तिसऱ्यापर्यंत पोचत नाही, त्याला बूम लागते, लांब हाताची लिफ्ट.

"मग बूमवाल्याचा नंबर द्या," म्हणाले. "तसंही तुमचं नकोच, ते अडकतं."