मिशन गेले, कंपाउंड राहिले

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलेला माणूस मिशनविषयी काही बोलू लागला की त्याला दोन्ही बाजूंची बोलणी खावी लागतात, हे गृहीत धरूनच लिहितो.

अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेची माणसे 1813 मध्ये मुंबईत आली आणि 1831 मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. मिशनचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये तिथूनच निघाले. मिशनच्या सिंथिया फॅररबाईंची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. माझी तक्रार निराळी आहे. शाळा, दवाखाने, वसतिगृहे मिशनने उभारली, मंडळीने, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाने नव्हेत, आणि पाळकापासून (धर्मगुरूपासून) मास्तरांपर्यंत अनेकांचा पगारही मिशनकडूनच येई. त्यामुळे समाजात जायचे ते नोकरीचा भाग म्हणून आणि एरवी कंपाउंडच्या, म्हणजे मिशनच्या कुंपणबंद आवाराच्या आत राहायचे, अशी सवय मंडळीच्या अंगवळणी पडली.

गंमत अशी की हा धोका मिशनच्या बोस्टनमधल्या मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन यांनीच ओळखला होता. स्थानिक मंडळीने आपला कारभार, खर्च आणि प्रसार स्वतः सांभाळावा, हा त्यांचा आग्रह होता आणि 1854-55 मध्ये ते त्यासाठी हिंदुस्थानात येऊनही गेले. पण स्वावलंबनाचा हुकूमसुद्धा समुद्रापलीकडूनच यावा, यात सारे आले!

हे कोडे आतून सोडवू पाहणारा माणूस म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणणाऱ्या टिळकांनी उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले, म्हणजे शेजारच्या वारकऱ्यालाही ओळखीची वाटेल अशी भाषा मंडळीच्या तोंडी दिली. 1917 मध्ये ते मिशनपासून वेगळे झाले आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही सामावणारा ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय त्यांनी उभा केला. दोनच वर्षांनी ते गेले. आपण त्यांचे अभंग जपले आणि दरबार मात्र विसरलो.

1970 मध्ये नागपूरला अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले आणि कारभार कागदोपत्री तरी पूर्णपणे आपल्या हाती आला. परवा एका मंडळीच्या सभेला बसलो होतो. तीन तास कंपाउंडची भिंत, भाडेकरू आणि कोर्टाची तारीख यांवर चर्चा चालली. भिंतीपलीकडच्या वस्तीला टँकर येतो की नाही, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.